जुना जेसीबी: खरेदी आणि सुटे भाग

कळंब, ता. कर्जत




जुना बॅकहो स्वस्त की महाग, हे त्याचे सुटे भाग किती सहज मिळतात यावर ठरते. कळंब-नेरळ भागात खाचरे सपाट करणाऱ्या आणि फार्महाऊसचे पाये खणणाऱ्या प्रत्येक बॅकहोला जेसीबीच म्हणतात. म्हणून आधी कंपनी पाहावी. जेसीबी भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत आली आणि २००३ मध्ये स्वतंत्र झाली. टेरेक्स कंपनीचा भारतातील बॅकहो व्यवसाय २०१७ मध्ये मनिटूकडे गेला, त्यामुळे त्या यंत्रांचे भाग आता नव्या नावाने शोधावे लागतात.

नुसते मॉडेल सांगूनही भागत नाही. जेसीबीच्या थ्रीडीएक्स मॉडेलच्या जुन्या यंत्रांत किर्लोस्करचे इंजिन सापडते, नंतरच्या यंत्रांत जेसीबीचे. भाग मागताना चेसिस आणि इंजिन असे दोन्ही नंबर द्यावेत.

तपासणी इंजिन थंड असताना सुरू करावी. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा जोर असेल तर रिंगा बहुधा झिजलेल्या असतात. पुढची बकेट उचलून इंजिन बंद करावे; ती भराभर खाली येत असल्यास सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो. मागचा बूम आडवा हलवला की पिन-बुशमधली ढिलाई कळते. हायड्रॉलिक ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेलेले असते. फिल्टरमध्ये लोखंडाचा कीस दिसला तर पंप संशयास्पद. तासांचे मीटर बदलता येते, म्हणून या झिजेवरच अधिक विसंबावे.

आरसी बुकातील नंबर चेसिसवरच्या नंबराशी जुळवावेत. नावबदलीसाठी फॉर्म २९ व ३० लागतात. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५.

सुट्या भागांचे तीन प्रकार करावेत. पिन-बुश लेथवर बनतात आणि होज पाइप जुना नमुना दाखवून तयार करून मिळतो. सील किट रॉड व बोअरच्या मापाने आणि बेअरिंग त्यावरील नंबराने मिळते. पंप, गिअरबॉक्स आणि इंजिनचे आतले भाग मात्र पार्ट नंबर जुळल्याशिवाय घेऊ नयेत. सौदा पक्का होण्यापूर्वी या तिसऱ्या प्रकारातील भागांचे भाव काढावेत आणि दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा. पावसाळ्यात खोदाई थांबते. मोठी दुरुस्ती त्याच महिन्यांत उरकली की बुडणारे भाडे वाचते.