कारवीआडची वाट

कसाऱ्याला लोकल संपते आणि समोर सह्याद्री उभा राहतो. पुढे जाणाऱ्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, कारण चढ ३७ फुटांना एक फूट असा आहे. थळ घाटातला हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. आग्रा रोडही याच खिंडीने चढतो. सोपी जागा या दोघांनी घेतली. इथून दक्षिणेला माळशेजपर्यंतची आणि त्यापलीकडे नाणेघाटापर्यंतची भिंत बरीचशी पायांसाठी उरली.

सुट्टीच्या दिवशी कसारा स्टेशनाबाहेर जीपा भरभरून साम्रदला जातात, सांदण दरी बघायला. त्या गर्दीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, आम्हीही कधीतरी तिच्यात होतोच. पण आता आसनगावलाच उतरायचं, शहापूरहून डोळखांबकडे जायचं आणि आजोबाच्या डोंगराकडे बघत एखाद्या पाड्यावर चहा मागायचा, हे जास्त आवडतं. चहा होईपर्यंत कड्याकडे बघत बसायचं.

कडा वाचावा लागतो. काळ्या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले. कठीण थराचा उभा कडा, मऊ थर झिजून झालेला पदर, पुन्हा कडा. म्हणून इथली वाट सरळ वर जात नाही. ती एखाद्या सोंडेवरून पदरात येते, पदरातून आडवी चालत राहते आणि वरच्या कड्याला कुठे नाळ, म्हणजे अरुंद घळ, फुटली आहे ती गाठते. खालून ती नाळ दिसतेच असं नाही. दिसली तरी ती मधेच वीस-पंचवीस फुटांच्या धबधब्याच्या टप्प्यावर अडकवणारी आहे की माथ्यावर सोडणारी, हे खालून कळत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

१८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात इथल्या घाटवाटांची नोंद आहे. नाणेघाटाला सातवाहनांची राणी मिळाली, तिचा ब्राह्मी शिलालेख मिळाला, जकातीचा दगडी रांजण मिळाला. बाकीच्यांना पाय मिळाले. मीठ वर गेलं, हिरडा खाली आला, बाजारासाठी कोंबड्या आल्या. आणि सोयरीक झाली. खालच्या पाड्यातली मुलगी वरच्या वाडीत दिली की ती वाट पुढची चाळीस वर्षं मोडत नसे.

मोडते ती कारवीमुळे. पावसाळ्यात कारवी पुरुषभर उंच होते आणि वाट गिळते. सात-आठ वर्षांनी ती एकदा फुलते, मग मरते, आणि नव्या रोपांचं रान तयार होतं. पूर्वी कुडाच्या भिंतींसाठी लोक दरसाल कारवी तोडायचे, त्यात वाटही आपोआप साफ व्हायची. आता पाड्यावर विटांची घरं आली. चांगलंच झालं, कुडाच्या घरात पावसाळा काढून बघावा म्हणजे कळेल. पण कोयता डोंगरात जायचा थांबला.

मग उरतात त्या ढोरवाटा. पायाखाली मळलेली, शेणाने सजलेली, अगदी विश्वास बसावा अशी वाट, आणि ती जाते गवताच्या टप्प्यापर्यंत. गुरांना माथ्यावर काय काम? माणसाची वाट बारीक असते, पण खिंडीकडे तोंड करून असते. झाडावर जुना कोयत्याचा घाव, कातळात एखादी खोबणी, वळणावर शेंदूर फासलेला दगड दिसला की पुढे चालायचं.

मोबाइलमधली जीपीएसच्या वाटेची रेघ उपयोगी आहे, मी नाकारत नाही. मात्र दगडांवर ऑइलपेंटचे बाण काढत जाणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाट माणसालाच विचारावी असं मला वाटतं, म्हणून ज्या नाळेने आम्ही एकदा चढलो तिचं नाव इथे लिहीत नाही.

२००९ मध्ये माळशेज घाटात एक बिबट्या सोडला होता, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून. अभ्यासकांनी त्याला नाव दिलं आजोबा. महामार्ग, कसाऱ्याचं स्टेशन, वसईची खाडी असं सगळं ओलांडून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून. मोबाइलवर आपली रेघ बघताना मला हटकून तो आठवतो. त्याचीही रेघ उमटली, पण तो चालून गेल्यावर.

त्या दिवशी पाड्यावरच्या आजी म्हणाल्या, “तिथून कशाला रं बाबा? गाडी जाते की वर फिरून.” मी म्हटलं, “आजी, चालायचंच आहे.” त्यांनी हसून हात वर केला आणि उंबराच्या झाडापासून माथ्यापर्यंत सगळी वाट हवेत काढून दाखवली. वाटेतलं पाण्याचं ठिकाणही सांगितलं. मग म्हणाल्या, “वर लेक हाय माझी. नातवाचं लगीन ठरलं म्हणून सांग तिला.”

दुपार कलल्यावर आम्ही माथ्यावर पोचलो, हातापायांना कारवीचे ओरखडे घेऊन. वाडी गाठली, घर सापडलं, निरोप दिला. लेक म्हणाली, “सकाळीच फोन आला व्हता आईचा.” आमचे चेहरे बघून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “नाळंनं आलात? उंबराखाली पाणी हाय का अजून? आन् तो मोठा धोंडा, जाग्यावर हाय का घसरला?”

धोंडा जागेवर होता. पाणी वीतभर होतं. तेवढ्याने तिचं भागलं नाही. तिने बसायला घोंगडी टाकली आणि पहिल्या वळणापासून विचारायला सुरुवात केली.