न निजणारे घर

चंद्रपुरातील एका घरात रात्री साडेदहाला दिवे मालवले की घर निजले, असे सर्वांना वाटे. आजोबांना मात्र तसे वाटत नसे. अंधारात त्यांना एक तांबडा डोळा दिसे, तो टीव्हीचा. त्याखाली दुसरा, सेट-टॉप बॉक्सचा. पलीकडे संगणकाचा तिसरा. "घर कुठले निजते? नुसते झोपेचे सोंग घेते!" असे ते म्हणत. सुनेला हा म्हातारपणचा चिक्कूपणा वाटे. एवढ्याशा ठिपक्याला वीज ती किती लागणार?

ठिपक्याला फार लागत नाही, हे खरेच. वीज लागते ती त्यामागच्या जागरणाला. जुन्या रेडिओची कळ 'टक्' करून फिरवली की वीज तुटे. रिमोटने बंद केलेला टीव्ही तसा बंद होत नाही. पुन्हा केव्हा हाक येईल म्हणून तो कान टवकारून बसतो. सेट-टॉप बॉक्स तर त्याहून इरसाल. पडदा काळा झाला तरी कित्येकांचे आतले काम चालूच असते.

हा वाद मिटवला सहावीतल्या नातीने. मीटरवरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च होते, हे तिला मीटरवरच्या अक्षरांवरून आजोबांनी समजावून दिले होते. एका रात्री तिने फ्रीजसुद्धा बंद करायला लावला आणि ती मीटरसमोर स्टूल टाकून बसली. अर्ध्या तासात दिवा ४० वेळा लुकलुकला. घरात एकही पंखा चालू नव्हता! आठ तासांच्या रात्रीत ६४०. म्हणजे पाच रात्रींत एक युनिट आणि वर्षाच्या रात्रींत ७३. आईने हिशेब दोनदा तपासला. आजोबांनी नुसते दूरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरांड्यांकडे बोट दाखवले. एका युनिटामागे तेथे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो.

मग गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. सेट-टॉप बॉक्सचा खटका बंद करताच लुकलुकणे निम्म्याहून कमी झाले. आजोबांचा सर्वांत राग होता तो मोबाइलच्या रिकाम्या चार्जरवर. तो जवळजवळ निर्दोष ठरला. आजोबांनी ते मान्य केले, पण जरा उशिराने.

अशी मोजदाद शास्त्रज्ञांनीही केली आहे. बंद दिसणाऱ्या उपकरणाने एक वॉटहून अधिक वीज घेऊ नये, असा आग्रह अमेरिकेतील ॲलन मायर यांनी धरला आणि १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने तो उचलून धरला. युरोपात २०१० पासून साध्या उपकरणांना तसा नियम लागू झाला. २०१३ मध्ये ती मर्यादा अर्ध्या वॉटवर आली. आपल्याकडे तर भिंतीवर सॉकेटशेजारीच खटका असतो. अमेरिकेतल्या घरांत तो बहुधा नसतो.

त्या घरात रोज रात्री खटके बंद होऊ लागले. तिसऱ्या रात्री आजी पडली. पाणी प्यायला उठल्यावर त्या तांबड्या ठिपक्याच्या रोखानेच ती स्वयंपाकघराची वाट काढीत असे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. गुडघा खरचटण्यावर निभावले. पण आजोबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या वॉटचा एक छोटा दिवा आणून वाटेवर लावला.

त्या रात्री फ्रीज बंद करवून नात पुन्हा मीटरसमोर बसली. लाल दिवा आता सदतीस मिनिटांनी एकदा लुकलुकेल, असा तिचा हिशेब होता. विसाव्या मिनिटालाच ती भिंतीला टेकून गाढ झोपली. फ्रीज मग आजीनेच उठून सुरू केला.