केकचे परिमाण

तीन वर्षांपूर्वी पुतण्याच्या स्वागत समारंभासाठी आम्ही पाचमजली केक मागविला होता. निमंत्रित ५००, केक ३० किलो. दुकानात पावशेराचाही हिशेब चुकू न देणारे आम्ही, तेथे मात्र 'कमी पडू नये' एवढाच विचार करून थांबलो. सूर्यास्त झाला तेव्हा निम्म्याहून अधिक केक तसाच उभा होता. रात्री भोजन नाही आणि सकाळी तो वासी, म्हणजे अभक्ष्य. मी म्हणालो, "दुकानातल्या मुलांना वाटून टाकू." त्यावर आई शांतपणे म्हणाली, "अरे, उद्या आपण तोंडात घालणार नाही, ते दुसऱ्याला देऊन त्याला दान म्हणायचं का?" मी निरुत्तर झालो.

गेल्या वर्षी कन्येचे लग्न ठरले. तिची केकची इच्छा होती; आईच्या डोळ्यांत मला तो जुना प्रश्न दिसत होता. या वेळी वहीपेन घेऊनच बसलो. निमंत्रित ४००. त्यांत त्यागाचे नियम असलेले वडीलधारे, मिष्टान्नानंतर नको म्हणणारे आणि लवकर परतणारे वगळता निम्मेच केक घेतील, असा अंदाज बांधला. जेवणानंतरचा घास ५० ग्रॅमचा पुरतो. म्हणजे १ किलोत २० तुकडे आणि २०० जणांना १० किलो.

केक करणाऱ्या गृहस्थांनी माझा एक गैरसमज दूर केला. १२ इंची केक ६ इंची केकच्या दुप्पट असतो, असे मी समजत होतो. उंची सारखी असेल तर तो चौपट भरतो! पूर्वीची आमची चूक येथेच वाढली होती. शोभेसाठी ४ किलोचा दुमजली केक आणि उरलेले ६ किलो स्वयंपाकघरात साध्या ताटांत, असे ठरले. उंची हवी म्हणून खालचा मजला थर्माकोलचा केला. 'अंडे नको' एवढे सांगून भागत नाही, हेही तेव्हाच कळले. मलईत व वरच्या चकाकीत जिलेटिन असू शकते आणि ते प्राणिजन्य असते. तेही स्पष्ट सांगितले.

समारंभ दुपारी ३ वाजता ठेवला. पाचच्या सुमारास १५ तुकडे शिल्लक होते; ते निघालेल्या मुलांच्या हाती देऊन सूर्यास्तापूर्वीच संपविले.

श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहाचे परिमाण आहे, भोगोपभोगाचेही परिमाण आहे. हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो. पण परिमाण म्हणजे मोजमाप, हा साधा अर्थ मला केकने शिकविला. विनाकारण घडणारी हिंसा म्हणजे अनर्थदंड. न खाल्ल्या जाणाऱ्या अन्नासाठी पेटविलेली भट्टी याहून निराळी ती काय?

रात्री आईने एवढेच विचारले, "किती उरला?"

"काही नाही, आई."

तिने समाधानाने मान डोलावली आणि माळ हाती घेतली.