अब्बांचा पांढरा तहमद

मागच्या हिवाळ्यात घरातल्या थोरल्या मुलीची मंगनी झाली. कार्यक्रम नगरला, छोट्याशा हॉलमध्ये. पाहुणे पुण्याचे. आदल्या रात्री आम्ही अब्बांच्या उशाशी नवी पॅन्ट ठेवली आणि म्हटले, "अब्बा, उद्या तहमद नको. पाहुणे शिकलेले आहेत."

अब्बांनी एवढेच विचारले, "इसमें क्या बुरा है, बेटा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. सकाळी त्यांनी मुकाट्याने पॅन्ट घातली. दिवसभर खुर्चीवर अवघडून बसले. जोहरच्या नमाजला सजद्यात जाताना कंबर सावरत होते. दस्तरखानवर मांडी घालता येईना, म्हणून जेवणही अर्धेच झाले. शेवगावच्या बाजारात आणि मशिदीत ताठ मानेने वावरलेला माणूस नातीच्या मंगनीत परका दिसत होता.

खरे तर कुठे काय नेसावे, हे अब्बांना आमच्यापेक्षा जास्त कळते. चौकडीची लुंगी घरात आणि शेतात. पांढरा तहमद जुम्म्याला आणि दावतीला. कामाच्या वेळी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचतील, पण चारचौघांत कधीच नाही. दावतीला तहमद घोट्याच्या जरा वर, काठ सरळ, वर गुडघ्यापर्यंतचा कुर्ता, सदरी आणि टोपी. सतर झाकलेला, कपडा पाक. सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीत इबादतीच्या वेळी नीटनेटके राहण्याची ताकीद आहे. ती अब्बांनी उभा जन्म पाळली.

2014 साली चेन्नईत हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे एका क्लबने आत घेतले नाही. त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने अशी अडवणूक बंद करणारा कायदा केला. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषी पोशाखावर, किल्टवर, इंग्रज सरकारने 1746 मध्ये बंदी घातली होती. ती 1782 मध्ये उठली. आज तिथले नवरदेव किल्टवर कोट चढवून लग्नाला उभे राहतात. आणि हजला जाणारा प्रत्येक पुरुष, मग तो बादशहा असो की हमाल, एहरामची न शिवलेली चादर कमरेला गुंडाळूनच अल्लाहसमोर हजर होतो. तिथे जो पोशाख चालतो, तो नगरच्या हॉलमध्ये आम्हाला चालला नाही! वर्गात मुलांना माणसाची पारख कपड्यांवरून करू नका असे शिकवणारे आम्हीच.

निकाह ईदनंतर आहे. पांढरा तहमद नीळ देऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला आहे. परवा अब्बांची माफी मागितली. ते बराच वेळ तसबीह फिरवत राहिले. मग म्हणाले, "वो पॅन्ट वापस नको करो. ठंड में खेत पे काम आएगी."