आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमच्या कोल्हापुरात दुखण्याचे पूर्वापार दोनच प्रकार मानतात. एक दिसणारे, दुसरे नाटकाचे. पायाला प्लास्टर, डोक्याला पट्टी, किंवा खांदा उतरलेला पैलवान, ही झाली दिसणारी दुखणी. अशा माणसाला बसमध्ये जागा मिळते, शेजारून पांढऱ्या रश्श्याचा डबा येतो, आणि हळदीचा लेप कसा लावावा यावर निदान सात जण व्याख्यान देऊन जातात. ज्याचे काहीच दिसत नाही त्याला मात्र डबा नाही. नुसते व्याख्यान.

ही वाटणी वर्षानुवर्षे बरी चालली होती. तिच्यात घोटाळा केला तो आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. सहा वर्षांपूर्वी गोठ्याच्या छपरावर पत्रा बसवायला चढले आणि पत्र्यासकट पाठीवर आले. मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि बेंबीखालचे सगळे अंग बधिर झाले. पायाला टाचणी टोचली तरी पत्ता नाही. इथवर गल्लीला समजले, डबेही आले. पण काही महिन्यांनी दाजी म्हणू लागले, "पाय पेटल्यागत जळाय लागल्यात." झाले! "पायात जीव न्हाई म्हणता, मग जळतंय काय?" असा बिनतोड सवाल गल्लीने केला, आणि दाजींची फाईल नाटकाच्या कपाटात जाऊन पडली.

डॉक्टरांनी मला ते प्रकरण समजावून सांगितले. मी पडलो बी. कॉम. मला जगातली कुठलीही गोष्ट बँकेच्या भाषेत आल्याशिवाय कळत नाही. तेव्हा जसे कळले तसे सांगतो.

मेंदू हे आपले हेड ऑफिस. मज्जारज्जू ही मुख्य लाइन. तिच्यातून नसांच्या एकतीस जोड्या निघतात, त्या अंगभरच्या शाखांना जोडलेल्या. आता लाइन तुटली तर खालच्या शाखांतून काहीच येऊ नये, हेड ऑफिसात शांतता नांदावी, असे कुणालाही वाटेल. पण तुटलेल्या लाइनीवर शांतता नसते, खरखर असते. मार लागलेल्या जागेच्या आसपासच्या पेशी कारण नसताना आपोआप संदेश सोडू लागतात. दुखण्याला आवर घालणाऱ्या ज्या तारा वरून खाली येतात, त्याही तुटलेल्या असतात. आणि हेड ऑफिस आलेला प्रत्येक संदेश त्या शाखेच्या खात्यावर टाकून मोकळे होते. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, प्रत्यक्षात व्यवहार झालेलाच नसतो, हा अनुभव आता सर्वांना आहे. फरक इतकाच, की इथे वजा झालेली झोप तीन दिवसांत परत जमा होत नाही.

पूर्वी शास्त्रज्ञांनाही हा हिशेब सोपा वाटे. देकार्त नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाचे एक पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर निघाले. त्याच्या 1664 च्या आवृत्तीत एक चित्र आहे. पाय विस्तवाजवळ, पायापासून डोक्यापर्यंत एक दोरा, खाली ओढला की वर घंटा! आमची गल्ली अजून त्याच आवृत्तीवर आहे. पुढे 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी सांगितले, की बाबांनो, मधे पाठीच्या कण्यात एक फाटक आहे, आणि कुठली वर्दी वर सोडायची हे तिथे ठरते. आमच्या शाखेच्या दारावरचा बंदूकवाला मला तेव्हापासून वेगळाच दिसू लागला. फाटकच मोडले तर आत कोण शिरेल याचा नेम नाही. दाजींच्या पायावरून चादर सरकली तर त्यांना कळत नाही, पण बेंबीच्या वर, जिथे बधिरपणा सुरू होतो त्या सीमेवर, बनियनची शिवण लागली तरी ते कळवळतात.

मणक्याच्या माराने होणाऱ्या दुखण्यांची 2012 साली एक आंतरराष्ट्रीय वर्गवारी ठरली. ती ऐकून मला फार आनंद झाला, कारण ती चक्क खतावणीसारखी आहे. चार मुख्य खाती.

पहिले खाते शाबूत नसांनी दिलेल्या खऱ्याखुऱ्या तक्रारीचे. यात हाडामांसाचे दुखणे येते. चाकाची खुर्ची ढकलून दाजींचे खांदे दुखतात, कारण पायांची ड्यूटी आता खांद्यांकडे आहे, आणि जादा कामाचा भत्ता नाही. पोटातले दुखणेही याच खात्यात. बद्धकोष्ठ, मुतखडा वगैरे.

दुसरे खाते नसांचे. याची पोटखाती तीन. जिथे मार बसला त्या पातळीला आणि तिच्याखाली तीन घरांपर्यंत होणारे दुखणे हे पहिले. दाजी म्हणतात, "कुणीतरी कमरंला लंगोट करकचून बांधल्यागत वाटतंय." दुसरे त्याच्याही खालचे. जळजळ, मुंग्या, विजेचा झटका, सगळे बधिर पायांत. पहिले बहुधा लवकर सुरू होते, दुसरे पुष्कळदा महिन्यांनी, कधी वर्षांनी उगवते. तिसरे पोटखाते मणक्याच्या माराशी थेट संबंध नसलेल्या नसांचे. खुर्ची ढकलून मनगटातली नस दाबली जाते, ते इथे.

तिसरे खाते किरकोळ इतर. आणि चौथे? चौथ्याचे नावच 'अज्ञात'! म्हणजे आमचे सस्पेन्स अकाउंट. डॉक्टर लोकही ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती तिथे टाकतात, पण टाकतात हे महत्त्वाचे. रक्कमच नाही असे म्हणत नाहीत.

ही खाती पाडायची कशाला? तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होऊ नये म्हणून. खांद्याला शेक आणि विश्रांती चालते. पायांच्या त्या आगीला शेक देऊ गेले तर आग विझत नाही, आणि बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. साध्या दुखण्याच्या गोळ्याही इथे फारशा चालत नाहीत. डॉक्टरांनी प्रीगाबालिन लिहून दिले, तेव्हा औषधाच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला, "ही फिटवर पण देतात." ताईला घाम फुटला. दुसरी गोळी अमिट्रिप्टिलिन, ती मूळची उदासीनतेवरची. दाजी म्हणाले, "पाव्हणं, दुखणं एक माझं, आणि गोळ्या दुसऱ्यांच्याच!" पण त्याच गोळ्या खवळलेल्या नसांना शांत करतात. आग सगळी विझत नाही. ज्वाळा खाली येतात, रात्री चार तास डोळा लागतो. मनाने गोळी बंद मात्र करायची नाही. आणि आग एकाएकी भडकली तर आधी लघवी तुंबली आहे का, पाठीला जखम झाली आहे का, ते पाहायचे. वर्षांनंतर नवेच दुखणे आले किंवा बधिरपणा वर चढू लागला तर तडक डॉक्टर गाठायचा. कधी कधी मज्जारज्जूत पाण्याची पोकळी धरते, ती वेळेवर कळलेली बरी.

तसे पाहिले तर चाकाची खुर्ची कोल्हापूरला नवी नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गमावलेल्या नसीमा हुरजूक यांनी 1984 मध्ये इथेच 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, आणि आपल्या आत्मकथेचे नावच 'चाकाची खुर्ची' ठेवले. खुर्ची आम्हाला दिसली. तिला आम्ही वाट देतो, क्वचित उतारही बांधतो. पण खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पायातली आग दिसत नाही, तिला उतार कुठून बांधणार?

मला यातले सगळ्यात लागले ते दाजींचे एक वाक्य. ते म्हणाले, "जळतंय ते सोसंल. पर जळतंय हे रोज पटवून द्यायला लागतंय, त्यात जीव जातोय."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "पैसे गेले" म्हणाला, की आधी तक्रार नोंदवायची, नंबर द्यायचा, मग शोध घ्यायचा. "तुमचे पैसे गेलेच नाहीत, उगाच नाटक करता" असे म्हणणाऱ्या कारकुनाची बदली गडचिरोलीला होते. दुखण्याच्या काउंटरवर मात्र असे कारकून गल्लीगल्लीत बसले आहेत, आणि त्यांची बदली कुणी करत नाही.