आईची साखर

आईला पहाटे काहीतरी व्हायचं. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओळख नाही. घामाने पातळ चिंब. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तर हमखास. गुळाचं पाणी पोटात गेलं की थोड्या वेळाने उठून बसायची आणि विचारायची, "सगळे असे का जमलात?"

एका दवाखान्यात फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्या. गुळाच्या पाण्याचं मी सांगत राहिले. कुणी लिहून घेतलं नाही. अखेर एका रात्री कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टर मुलीने सगळ्यात आधी बोट टोचून साखर पाहिली. ३४! आईला मधुमेह नाही, इन्शुलिन ती घेत नाही. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

पुढे ७२ तासांचा देखरेखीखालचा उपास. दुसऱ्याच पहाटे साखर ४० च्या खाली गेली आणि आईने मला विचारलं, "बाई, तू कुणाची गं?" नर्सने आधी रक्त घेतलं, मगच ग्लुकोज चढवलं. मधले ते क्षण फार जड गेले. रक्तात इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड दोन्ही जास्त, म्हणजे इन्शुलिन बाहेरून आलेलं नव्हतं, तिच्याच शरीरात तयार होत होतं. इन्शुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली इन्शुलिन तयार करणारी गाठ. वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होणारी. त्यातल्या नव्वद टक्के गाठी साध्या, कॅन्सरच्या नव्हेत.

सीटी स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. तोंडावाटे दुर्बीण जठरात उतरवून आतून सोनोग्राफी केली, तेव्हा स्वादुपिंडाच्या मधल्या भागात १२ मिलिमीटरची गाठ सापडली. हरभऱ्याहून जरा मोठी.

सर्जननी कागदावर स्वादुपिंड काढलं, त्यातून जाणारी मुख्य नळी काढली. "ताई, गाठ या नळीपासून लांब असली तर नुसती सोलून काढू. चिकटलेली असली तर शेपटीकडचा भाग कापावा लागेल, कदाचित प्लीहाही." त्या 'कदाचित'साठी आईला आधीच लशी टोचल्या. १९२९ साली टोरांटोत रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढून पहिला रुग्ण बरा केला, हेही त्यांनीच सांगितलं. मला धीर आला.

ऑपरेशनमध्ये त्यांनी बोटांनी चाचपून आणि स्वादुपिंडावरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून नळी किती दूर आहे ते पाहिलं. गाठ सोलून निघाली, प्लीहा वाचली. गाठ निघाल्यावर टेबलावरच साखर चढू लागली. पुढचे काही दिवस तर ती जास्तच राहिली. गाठीमुळे इतकी वर्षं दबून पडलेल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या निरोगी पेशींना जागं व्हायला वेळ लागतो, असं सांगितलं.

खरी परीक्षा नंतर होती. स्वादुपिंडाचा रस पाचक. जखमेतून गळाला तर आजूबाजूच्या भागांना इजा करतो. पोटातल्या ड्रेनच्या पाण्यात अमायलेज जास्त निघालं, म्हणजे रस गळत होता, आणि आई पिशवीसकट घरी आली. रोज सकाळी मी मिलिलिटर वहीत लिहायची. गळती हळूहळू आटली, मग ड्रेन निघाला.

पॅथॉलॉजीत गाठ साधीच ठरली. फिट्सच्या गोळ्या मेंदूच्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केल्या. त्या सुरू केलेल्या दवाखान्यात मी रिपोर्टची प्रत नेऊन दिली आणि आईच्या जुन्या केसपेपरला लावून घ्यायला सांगितली.