नव्या वर्गांचे छत

आपल्या शाळेच्या मागच्या मैदानात चार नव्या वर्गांचे बांधकाम चालू आहे. मुलांना मिक्सर बघायला आवडते, विश्वस्तांना नव्या सत्राच्या आत वर्ग हवे आहेत; मी मात्र तिथल्या तरुण सिव्हिल इंजिनिअरला बघतो आहे. इंजिनिअर काय करतो असे नववीत विचारले, तर "नकाशे काढतो" असे उत्तर आले. या मुलाच्या हातात मी नकाशापेक्षा टेपच जास्त पाहिला.

मजूर येण्याआधी तो सेंट्रिंगचे टेकू हलवून पाहतो, सळ्यांमधले अंतर मोजतो. छताच्या सळ्यांखाली 20 मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक आहेत ना, हे वाकून बघतो. सळईवर काँक्रीट कमी पडले की ती गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. खरी परीक्षा स्लॅबच्या दिवशी. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून मुकादम घडोघडी "साहब, थोड़ा पानी और" म्हणणार. जास्तीचे पाणी नंतर उडून जाते, पण मागे बारीक छिद्रे ठेवून, आणि काँक्रीट कमजोर होते. वडिलांच्या वयाच्या माणसाला दिवसभर, आवाज न चढवता, "नहीं काका" म्हणणे सोपे नाही. (आम्हा शिक्षकांना हे जमले तर!) मग 30 सेंटिमीटर उंचीच्या लोखंडी कोनात माल भरून, कोन उचलून, तो किती खाली बसतो हे मोजायचे. त्याच मालाचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे पाडायचे. ते 7 आणि 28 दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात.

पुढे तराई, म्हणजे पाणी मारणे. मी हिंदी माध्यमात शिकलेला, मला तराईच आठवते. फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटला निदान 10 दिवस ओल लागते, म्हणून स्वारी रविवारीही हजर. एका मजूर बाईचे मूल मिक्सरजवळ खेळताना दिसले, तेव्हा त्याने मिक्सर बंद करवला आणि तो थेट माझ्याकडे आला. आता मजुरांची मुले बालवाडीच्या ओट्यावर बसतात.

दहाव्या दिवशी ठेकेदाराला टेकू दुसऱ्या कामावर न्यायचे होते. घाई आमच्यातल्या काहींनाही होती. "गाळा साडेचार मीटरपेक्षा मोठा आहे, 14 दिवसांच्या आत एकही टेकू निघणार नाही," असे सांगून त्याने ते साइटच्या नोंदवहीत लिहिले आणि खाली ठेकेदाराची सही घेतली. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत थोडी कुरकुर झाली. मी एवढेच म्हणालो, की त्या छताखाली 160 मुले बसणार आहेत.

28 दिवसांचा अहवाल अजून यायचा आहे. आला की कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावू. पालकांनी जरूर पाहावा.